बिस्बी : तांब्याच्या डोंगरगावातील जुन्या इमारती वाचताना

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात, मेक्सिकोच्या सीमेपासून थोड्याच अंतरावर, म्यूल नावाच्या डोंगररांगेत बिस्बी हे गाव वसले आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे साडेपाच हजार फूट. टूमस्टोन कॅन्यन आणि ब्रुअरी गल्च या दोन अरुंद घळी जेथे एकमेकींना मिळतात, तेथे गावाची जुनी बाजारपेठ आहे. घळींच्या दोन्ही अंगांना, डोंगराच्या उतारावर, एकावर एक रचल्यासारखी घरे चढत गेली आहेत. आज गावाची लोकसंख्या जेमतेम पाच हजार. तरीही येथे खांद्याला कॅमेरा अडकवलेले प्रवासी नेहमी हिंडताना दिसतात. विटांचे जुने दर्शनी भाग, रंग उडालेली लाकडी दारे, गंजलेले पन्हळी पत्रे आणि कोठून कोठे जातात याचा थांग न लागणारे जिने यांची छायाचित्रकाराला भुरळ पडते.

या भुरळीतच एक धोका आहे. खाणगावातील जुनी इमारत चित्रात देखणी दिसते. परंतु ती कोणाच्या पैशाने उभी राहिली, तिच्यासाठी लाकूड आणि दगड कोठून आले, तिच्या पायऱ्यांवर कोणाला उभे राहू दिले जात होते आणि कोणाला नाही, हे तिच्या देखणेपणातून कळत नाही. ती उत्तरे इमारतीत असतात, पण वाचावी लागतात. न वाचता टिपलेले छायाचित्र भिंतीवर लावण्याजोगे होते. वाचून टिपलेले छायाचित्र पुरावा ठरते. हा फरक समजून घेण्यासाठी बिस्बीइतके बोलके गाव क्वचितच सापडेल.

डोंगराने आखलेले गाव

१८७७ मध्ये लष्कराच्या एका तुकडीबरोबर आलेल्या लोकांना या डोंगरात खनिजाच्या खुणा दिसल्या आणि १८८० मध्ये वस्ती उभी राहिली. ‘कॉपर क्वीन’ या खाणीत पैसा गुंतवणारे सॅन फ्रान्सिस्कोचे डेविट बिस्बी यांचे नाव गावाला मिळाले. आपल्या नावाचे गाव पाहायला ते कधी आलेच नाहीत, असे सांगितले जाते. पुढे न्यूयॉर्कच्या ‘फेल्प्स डॉज’ या व्यापारी कंपनीने जेम्स डग्लस या जाणकाराच्या सल्ल्याने येथे पाय रोवले. तारायंत्र, विजेचे दिवे आणि दूरध्वनी यांचा तो काळ. तिन्हींना तांब्याची तार हवी होती. पुढील सुमारे शंभर वर्षांत या डोंगरातून जवळपास आठ अब्ज पौंड तांबे आणि त्याच्या जोडीला सोने व चांदी निघाली.

एवढी संपत्ती निघाली तरी सपाट जमीन मात्र वाढली नाही. घळीच्या तळाशी जी थोडीबहुत मोकळी जागा होती, ती कंपनीची कचेरी, बँका, हॉटेल आणि टपाल कचेरी यांनी घेतली. कामगारांना उतार चढावा लागला. त्यातही चढाईचा क्रम ठरलेला होता. मेक्सिकन कुटुंबांची वस्ती ‘चिवावा हिल’ या टेकडीवर होती. त्यांच्या वाट्याला बहुधा जमिनीवरची, कमी मजुरीची कामे येत. चिनी माणसाला रात्री गावात मुक्काम करण्याची मुभाच नव्हती. म्हणून बिस्बीत एखाद्या घराचे चित्र घेताना ते उतारावर कोणत्या बाजूला आणि किती उंचीवर आहे, हे चौकटीत आले पाहिजे. केवळ दार टिपले तर दार मिळते. दारापर्यंतच्या पायऱ्या टिपल्या, तर पाण्याची घागर आणि सरपणाची मोळी कोणत्या वाटेने वर गेली असेल, ते कळते.

लाकूड, वीट, पत्रा

इमारत वाचण्याची पहिली पायरी म्हणजे ती कशाची बांधली आहे, हे पाहणे. बिस्बीची सुरुवातीची वस्ती लाकडाची होती. बांधकामासाठी आणि भट्टीतील जळणासाठी आजूबाजूच्या डोंगरावरील झाडे तोडली गेली. खनिज वितळवणाऱ्या भट्टीच्या धुराने उरलेली हिरवळही करपली. उघड्या उतारावर पाणी थांबत नाही. ॲरिझोनातही जुलै ते सप्टेंबर या काळात वादळी पाऊस पडतो आणि तेथील लोक त्याला ‘मान्सून’ असेच म्हणतात. या पावसाचे लोंढे थेट बाजारपेठेत शिरू लागले. गावाच्या घळींतून दिसणाऱ्या उंच संरक्षक भिंती आणि काँक्रीटचे खोल नाले ही त्या वृक्षतोडीची किंमत आहे. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी भट्टी येथून हलवून सीमेलगतच्या डग्लस या नव्या गावात नेण्यात आली. त्यामुळे बिस्बीत आज भट्टीचे धुराडे दिसत नाही. तिच्या खुणा शोधायच्या त्या या नाल्यांत आणि भिंतींत.

दुसरे संकट आगीचे. ऑक्टोबर १९०८ मध्ये लागलेल्या आगीत मुख्य रस्त्यावरील बाजारपेठेचा मोठा भाग जळून गेला. मग व्यापाऱ्यांनी विटांनी बांधायला घेतले. मुख्य रस्त्यावरील दुकानांचे दर्शनी भाग एकमेकांचे सख्खे भाऊ वाटतात, याचे कारण हेच : त्यांतील बरेचसे एकाच संकटानंतर, थोड्याच वर्षांच्या अंतराने उभे राहिले. आगीच्या आधीच्याही काही वास्तू शिल्लक आहेत. कंपनीने बांधलेले ‘कॉपर क्वीन हॉटेल’ १९०२ चे, घड्याळाचा मनोरा असलेला ‘पिथियन कॅसल’ १९०४ चा, तर टपाल कचेरी आणि तिच्या वरचे ग्रंथालय १९०७ चे. फेल्प्स डॉज कंपनीची विटांची जुनी कचेरी आता खाणकामाच्या इतिहासाचे संग्रहालय झाली असून ती स्मिथसोनियन संस्थेशी संलग्न आहे.

कामगारांची घरे याहून अगदी निराळी. पातळ फळ्यांच्या भिंती, वर पन्हळी पत्रा, खाली दगड रचून उतारात कोरलेले अरुंद जोते. खाण चालेल तोवर राहायचे, एवढ्याच हिशेबाने ती बांधलेली. अशा घरात एकामागून एक कुटुंबे आली आणि प्रत्येकाने एखादी खोली किंवा पडवी जोडली. एका घरात चार प्रकारच्या खिडक्या दिसल्या, तर ती मालकाची हौस नव्हे. पगार वाढल्याच्या किंवा कुटुंब वाढल्याच्या त्या तारखा आहेत.

जिन्यांचीही स्वतंत्र कहाणी आहे. आजचे काँक्रीटचे बरेचसे जिने १९३० च्या दशकातील महामंदीत, बेरोजगारांना काम देणाऱ्या सरकारी योजनेतून बांधले गेले. त्या योजनेची आद्याक्षरे अनेक पायऱ्यांवर आजही उमटलेली दिसतात. दर ऑक्टोबरात नऊ मोठे जिने आणि हजारांहून अधिक पायऱ्या चढण्याची शर्यत येथे भरते. गावाचा उतार किती तीव्र आहे, हे १९१४ मध्ये बांधलेल्या हायस्कूलच्या चारमजली इमारतीवरून ध्यानात येते : प्रत्येक मजल्याला जमिनीवरूनच थेट प्रवेश आहे.

उजेड आणि उभ्या रेषा

अशा गावात छायाचित्रकाराची पहिली अडचण उजेडाची असते. घळीच्या तळाशी सूर्य उशिरा पोहोचतो आणि लवकर निघून जातो. भर दुपारी रस्त्याची एक बाजू झगझगीत तर दुसरी काळोखी दिसते. डोळा दोन्ही पाहू शकतो, कॅमेऱ्याला ते जड जाते. म्हणून विटांचे बांधकाम टिपण्यासाठी उजेड भिंतीवर तिरका पडण्याची वेळ धरावी. तिरक्या उजेडात विटांमधील सांधे, बुजवलेल्या खिडकीची चौकट आणि जुन्या जाहिरातीची पुसट अक्षरे उठून दिसतात. समोरून येणाऱ्या उजेडात ती सपाट होतात. ढगाळ दिवसही वाया जात नाही. मऊ, सारख्या उजेडात लाकडाचे आणि गंजाचे रंग खरे उमटतात.

दुसरी अडचण उभ्या रेषांची. अरुंद रस्त्यात उभे राहून उंच इमारत चौकटीत बसवायची, तर कॅमेरा वर कलवावा लागतो. तो कलला की भिंती वरच्या बाजूला एकमेकींकडे झुकल्यासारख्या दिसतात. यावर महागडी भिंगे आहेत, संगणकावर दुरुस्तीही करता येते. पण बिस्बीने एक फुकटचा उपाय देऊन ठेवला आहे. समोरच्या उतारावरील जिना इमारतीच्या निम्म्या उंचीपर्यंत चढावा आणि कॅमेरा सरळ, क्षितिजाशी समांतर धरावा. भिंती आपोआप ताठ उभ्या राहतात. शिवाय मागचा डोंगर आणि शेजारची छपरेही चित्रात येतात, म्हणजे इमारत आपल्या जागी दिसते.

तिसरी गोष्ट नोंदींची. अमेरिकेत १९३३ मध्ये जुन्या इमारतींची मोजणी, रेखाटन आणि छायाचित्रण करण्यासाठी एक सरकारी उपक्रम सुरू झाला; महामंदीत काम गमावलेल्या वास्तुरचनाकारांना त्याने रोजगार दिला. त्याचा संग्रह आज लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये सर्वांना विनामूल्य पाहता येतो. या नोंदींची शिस्त हौशी छायाचित्रकारालाही पाळता येण्याजोगी आहे. आधी संपूर्ण इमारत तिच्या परिसरासह, मग प्रत्येक दर्शनी बाजू, मग तपशील. आणि प्रत्येक चित्राबरोबर दिनांक, ठिकाण व कोणत्या दिशेला तोंड करून ते घेतले याची टीप. ही टीप नसेल, तर पन्नास वर्षांनी चित्र पाहणाऱ्याला भिंत दिसेल, पण ती कोणत्या गल्लीतली हे कळणार नाही.

जुन्या चित्राच्या जागी पुन्हा उभे राहून तीच चौकट टिपण्याची पद्धत याहूनही फलदायी आहे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात मार्क क्लेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या पश्चिम भागातील एकोणिसाव्या शतकातील छायाचित्रांच्या जागा शोधून त्या अशाच पुन्हा टिपल्या होत्या. दोन चित्रे शेजारी ठेवली की काय गेले आणि काय उरले, हे वेगळे सांगावे लागत नाही.

राज्यमुद्रेवरील माणूस

बिस्बीचे छायाचित्रणाशी नाते जुने आहे. टूमस्टोन गावातील सी. एस. फ्लाय हे छायाचित्रकार अपाची नेता जेरोनिमो याची १८८६ मधील छायाचित्रे काढणारे म्हणून प्रसिद्ध आहेत. १९०१ मध्ये त्यांचे निधन झाले ते बिस्बीत. त्यांनी जॉर्ज वॉरन नावाच्या एका खाणशोधकाचे छायाचित्र घेतले होते. वॉरन हा या डोंगरातील पहिल्या दावेदारांपैकी एक. माणूस पायी धावून घोड्याला हरवू शकतो, अशी पैज त्याने मद्याच्या नशेत लावली आणि तीत खाणीतील आपला हिस्सा गमावला, अशी कथा सांगितली जाते. तो कफल्लक अवस्थेत मरण पावला. मात्र ॲरिझोनाच्या राज्यमुद्रेवर कुदळ-फावडे घेतलेला जो खाणकामगार आहे, तो फ्लाय यांच्या त्या छायाचित्रावरूनच घेतला असल्याचे मानले जाते. ज्याच्या हाती काहीच उरले नाही, त्याची प्रतिमा राज्याचे चिन्ह झाली. खाणगावात चित्र आणि वस्तुस्थिती यांच्यात केवढे अंतर पडू शकते, याचे हे उत्तम उदाहरण.

टपाल कचेरीसमोरील सकाळ

हे अंतर सर्वाधिक जाणवते ते टपाल कचेरीसमोर. विटांची ही इमारत प्रवाशांच्या छायाचित्रांत वारंवार येते. १२ जुलै १९१७ च्या पहाटे मात्र तिच्यासमोर वेगळेच दृश्य होते. पहिले महायुद्ध चालू होते, तांब्याचा भाव चढलेला होता आणि सुरक्षितता, मजुरी व समान वागणूक या मागण्यांसाठी खाणकामगार संपावर गेले होते. कंपनीच्या पाठिंब्याने शेरीफ हॅरी व्हीलर याने सुमारे दोन हजार नागरिकांना हाती शस्त्रे देऊन पथके उभारली. दंडाला पांढऱ्या पट्ट्या बांधलेल्या या पथकांनी घरोघरी आणि खाणावळींत शिरून संपकऱ्यांना बाहेर काढले. त्यांच्याबरोबर त्यांना सहानुभूती दाखवणारे, आणि काही तर केवळ वाटेत सापडलेले लोकही धरले गेले. या धरपकडीत दोन जणांचा जीव गेला.

पकडलेल्यांना आधी टपाल कचेरीसमोर जमवले गेले. तेथून बंदुकांच्या पहाऱ्यात सुमारे दोन मैल चालवत वॉरन या उपनगरातील बेसबॉलच्या मैदानात नेण्यात आले. काम पत्करायला जे तयार झाले त्यांना सोडले. उरलेल्या जवळपास बाराशे माणसांना गुरांच्या डब्यांत कोंबून, अन्नावाचून आणि अपुऱ्या पाण्यावर, वाळवंटातून न्यू मेक्सिको राज्यात नेऊन सोडण्यात आले. परत न येण्याची ताकीद देण्यात आली. त्यांत मेक्सिकन कामगारांची संख्या मोठी होती. बायका-मुले मागे राहिली. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी नेमलेल्या आयोगाने ही कारवाई पूर्णपणे बेकायदेशीर ठरवली. तरीही कोणालाही शिक्षा झाली नाही.

या दिवसाची छायाचित्रे उपलब्ध आहेत. धुळीच्या रस्त्याने चाललेली माणसांची लांबच लांब रांग आणि तिच्या दोन्ही बाजूंना बंदूकधारी, हे दृश्य त्यांत स्पष्ट दिसते. ती टिपणाऱ्याने कोणत्या हेतूने टिपली असतील ते असो, आज ती त्या घटनेची निर्विवाद साक्ष आहेत. गावात मात्र कित्येक दशके या विषयावर उघड बोलणे टाळले गेले. बाहेर काढलेल्यांची आणि बाहेर काढणाऱ्यांची कुटुंबे एकाच गावाशी बांधलेली होती. काही घरांत तर दोन्ही बाजू नांदत होत्या. शंभर वर्षांनी, २०१७ मध्ये, बिस्बीच्या रहिवाशांनी स्वतः त्या दिवसाचे नाट्यरूप सादर केले आणि त्यावरचा ‘बिस्बी ’१७’ हा रॉबर्ट ग्रीन यांचा माहितीपट पुढील वर्षी प्रदर्शित झाला. १९०९ चे ते बेसबॉल मैदान आजही वापरात आहे. त्याचे चित्र घेणाऱ्याला हा इतिहास ठाऊक असेल, तर तो रिकाम्या बाकांकडे कॅमेरा वळवील. ठाऊक नसेल, तर तो पुढे निघून जाईल.

जे उरले नाही

जुन्या इमारतींचे गाव पाहताना न उरलेल्या इमारतींचीही मोजदाद ठेवावी लागते. गावालगत ‘लॅव्हेंडर पिट’ नावाची विस्तीर्ण उघडी खाण आहे. नाव फुलावरून किंवा रंगावरून पडलेले नाही. हॅरिसन लॅव्हेंडर या कंपनीच्या अधिकाऱ्यावरून पडले आहे. १९५० च्या दशकात ती खोदताना लॉवेल या शेजारच्या वस्तीतील बहुतेक घरांची जागा खाणीने गिळली. आज तेथे एरी स्ट्रीट या जुन्या रस्त्याचा एक तुकडा तेवढा शिल्लक आहे. या खड्ड्याचे रंग कॅमेऱ्यात अप्रतिम उमटतात. पण त्या पोकळीत कोणे एके काळी अंगणे होती, हे चित्राखालच्या ओळीत लिहावेच लागते.

१९७४ मध्ये उघडी खाण आणि १९७५ मध्ये भूमिगत खाणकाम थांबले. बिस्बी ओस पडणार, असेच वाटत होते. ते वाचले याचे एक कारण विरोधाभासी आहे : जुने पाडून नवे बांधण्याएवढा पैसाच कोणाकडे उरला नव्हता. घरे कवडीमोल झाली आणि चित्रकार, लेखक, निवृत्त मंडळी ती विकत घेऊन राहू लागली. १९७६ मध्ये जुन्या क्वीन खाणीचा एक भाग प्रवाशांसाठी खुला झाला आणि खाणीत राबलेले कामगारच तेथे वाटाडे झाले. १९८० मध्ये गावाच्या जुन्या भागाची ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत नोंद झाली. जिल्हा न्यायालयासमोर १९३५ पासून उभा असलेला खाणकामगाराचा पुतळा या सगळ्याचा साक्षीदार आहे. तो काँक्रीटचा असून त्यावर तांब्याचा नुसता मुलामा आहे.

उंबरठा ओलांडण्यापूर्वी

अशा गावांत हिंडताना काही पथ्ये अटळ आहेत. मोडकळीस आलेले दिसणारे घर रिकामे असतेच असे नाही; म्हणून परवानगीवाचून अंगणात पाऊल टाकू नये. बंद खाणीच्या तोंडात तर कोणत्याही कारणाने शिरू नये. आतील लाकडी टेकू कुजलेले असतात, उभी विवरे फळ्यांनी झाकलेली असतात आणि काही ठिकाणी प्राणवायू इतका कमी असतो की, माणूस धोका कळण्यापूर्वीच कोसळतो. परवानगी घेऊन शिरलेल्या रिकाम्या घरातही धूळ झाडू नये. अमेरिकेच्या या भागात हरणउंदरांच्या विष्ठेतून हंताव्हायरस हा प्राणघातक आजार पसरतो आणि तो धुळीबरोबर श्वासात जातो. जुन्या बाटल्या, खिळे, पाट्या उचलून आणू नयेत. जागेवर असलेली वस्तू माहिती देते, घरी आणलेली केवळ शोभेची उरते.

गोमंतकीय वाचकाला यात आपले काही दिसणे स्वाभाविक आहे. गोव्यात २०१२ मध्ये खाणकाम थांबले, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजांचे नूतनीकरण रद्द ठरवले आणि लिलावानंतर आता काही खाणी पुन्हा सुरू होत आहेत. या खळाच्या काळात खाणपट्ट्यातील वजनकाटे, कार्यशाळा, कामगारांच्या खोल्या आणि नदीकाठचे खनिजाचे धक्के गंजत राहिले. जुनी मंदिरे आणि वाडे यांच्या मानाने त्यांना कोणी वारसा म्हणत नाही. बिस्बीच्या फळ्यांच्या घरांनाही १९७५ मध्ये कोणी वारसा म्हणत नव्हते. त्यांचे चित्र आज घेतले आणि त्याखाली दिनांक, गावाचे नाव आणि तेथे काय काम चाले एवढे जरी लिहून ठेवले, तरी उद्याच्या वाचकाला त्या भिंती वाचता येतील.